सांता क्रोचे : अडीच तासांत काय पाहावे, आणि थडग्यांवरून चालावे का?

शाडूमाती यांचा प्रश्न

नमस्कार. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन इटलीला जाण्याचे ठरले आहे. फ्लॉरेन्समध्ये आमचा मुक्काम दोनच रात्रींचा असून त्यातली एक सकाळ, म्हणजे फार तर अडीच तास, सांता क्रोचे या चर्चसाठी राखून ठेवली आहे. बाबांनी साताऱ्याजवळच्या एका शाळेत ३१ वर्षे विज्ञान शिकवले. दरवर्षी नववीच्या वर्गात ते लाकडी फळी तिरकी ठेवून तिच्यावरून गोट्या सोडत आणि गॅलिलिओचे नाव फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत. या सबंध प्रवासात त्यांनी एकच मागणी केली आहे, ती म्हणजे गॅलिलिओच्या समाधीपाशी पाच मिनिटे उभे राहायचे.

अडचण आईची आहे. या चर्चची फरशीच थडग्यांची आहे आणि लोक सर्रास त्यांवरून चालतात, हे तिने कुठेतरी वाचले. स्मशानातून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल न टाकणाऱ्या घरात ती वाढली आहे. ‘तुम्ही दोघे आत जा, मी बाहेर चौकात बसते,’ असे तिने जाहीर करून टाकले आहे. तिला आग्रह करणे मला बरे वाटत नाही, पण इतक्या दूर नेऊन तिला बाहेर बसवणेही पटत नाही. शिवाय तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे आत बसायला जागा आहे का, हाही प्रश्न आहेच. मला स्वतःला चित्रांची आवड आहे, समज मात्र बेताचीच. तिकीट काढून आत जाण्याइतके तिथे काय आहे आणि वेळ थोडा असल्यास काय सोडावे, हे जाणकारांनी सांगावे.

आर्नोकाठ यांचे उत्तर

मी गेली नऊ वर्षे या शहरात राहतो आणि पाहुणे आले की सांता क्रोचेला नेण्याचे काम माझ्याकडे येते, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आधी व्यवहाराचे. रविवारची सकाळ निवडू नका. तेव्हा प्रार्थना असते आणि पर्यटकांना दुपारनंतरच आत घेतात. तिकिटाची रांग मुख्य दर्शनी दारापाशी लागत नाही, चर्चच्या डाव्या अंगाला लागते. नवखे लोक दर्शनी पायऱ्यांवर ताटकळत बसलेले मी नेहमी पाहतो. खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात. साडी नेसणाऱ्यांना त्याची काळजी नाही, पण बाबांना अर्ध्या चड्डीवर नेऊ नका. एकाच तिकिटात चर्च, मागची दोन ओवरीदार अंगणे, पात्सी घराण्याचे प्रार्थनागृह आणि संग्रहालय असे सगळे पाहता येते. आईंना बसण्यासाठी ही अंगणे उत्तम आहेत. मध्ये हिरवळ, चारही बाजूंना कमानी, आणि ओट्यावर ऊन-सावली हवी तशी निवडता येते.

आता वास्तूविषयी. हे फ्रान्सिस्कन साधूंचे चर्च आहे. भिक्षेवर जगण्याचे व्रत घेतलेल्या या संप्रदायाचे हे जगातले सर्वांत मोठे चर्च असावे, ही गंमत पहिल्याच पावलाला लक्षात येते. बांधकाम १२९४ च्या सुमारास सुरू झाले, आराखडा आर्नोल्फो दी कांबिओ या वास्तुकाराचा मानला जातो, आणि १४४३ मध्ये पोप चौथा युजीन याच्या उपस्थितीत त्याची विधिवत प्रतिष्ठापना झाली. आत गेल्यावर मान वर करावी. दगडी घुमट किंवा कमानींचे छत नाही, तर उघड्या लाकडी कैच्या आणि तुळया आहेत, एखाद्या प्रचंड गोदामाला असाव्यात तशा. उपदेश ऐकायला येणाऱ्या गर्दीसाठी ही जागा बांधली होती, हे त्या छताकडे पाहून जितके कळते तितके पुस्तकातून कळत नाही. आज दिसणारा पांढऱ्या-हिरव्या संगमरवराचा दर्शनी भाग मात्र १८५७ ते १८६३ या काळातला आहे. तोवर सुमारे साडेपाचशे वर्षे चर्चचे तोंड खडबडीत दगडविटांचेच होते.

वेळ थोडा असेल तर तीन गोष्टी धरा आणि बाकीचे चालता चालता पाहा. डावी भिंत गॅलिलिओसाठी, त्याच्या समोरची उजवी भिंत मायकेलअँजेलोपासून संगीतकार रोस्सिनीपर्यंतच्या रांगेसाठी आणि वेदीच्या उजव्या हाताची दोन छोटी दालने जॉत्तो या चौदाव्या शतकातल्या चित्रकाराच्या भित्तिचित्रांसाठी.

उजव्या भिंतीवर पहिलेच स्मारक मायकेलअँजेलोचे आहे. १५३४ मध्ये तो फ्लॉरेन्स सोडून रोमला गेला तो जिवंतपणी परतला नाही. १५६४ मध्ये वयाच्या ८८ व्या वर्षी रोममध्ये वारल्यावर त्याच्या पुतण्याने शव मालाच्या गाठोड्यात लपवून गुपचूप इकडे आणले, कारण रोम त्याला सोडायला तयार नव्हते. स्मारकाची रचना वासारी या चित्रकार-वास्तुकाराची. खाली चित्रकला, शिल्पकला आणि वास्तुकला या तिघी खिन्न होऊन बसल्या आहेत. खरे सांगायचे तर मला हे स्मारक फारसे आवडत नाही. स्वतःच्या थडग्यासाठी म्हणून त्याने एक शिल्प वृद्धापकाळी घडवायला घेतले होते. ते अर्धवट राहिलेले शिल्प दुओमोच्या, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चच्या, संग्रहालयात आहे आणि ते पाहिल्यावर इथला सगळा संगमरवर उगाच बोलका वाटू लागतो.

त्याच भिंतीवर पुढे गेल्यावर लिओनार्दो ब्रूनी या पंधराव्या शतकातल्या इतिहासकाराचे थडगे लागेल. त्याचे नाव आपल्याकडे कोणाला माहीत नसते, म्हणून लोक न थांबता पुढे जातात. तसे करू नका. बेर्नार्दो रोस्सेल्लिनोने घडवलेला हा वृद्ध, डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट घालून, मान किंचित आपल्याकडे वळवून झोपला आहे आणि छातीवर त्याने स्वतः लिहिलेला फ्लॉरेन्सचा इतिहास ठेवलेला आहे. वाचता वाचता डोळा लागावा, इतकी ती झोप साधी आहे. पुढे कित्येक दशके टस्कनीतल्या शिल्पकारांनी थडग्यांसाठी हाच नमुना वापरला. शेजारीच दोनातेल्लोने करड्या दगडात कोरलेला आणि सोन्याने उजळलेला मेरी व देवदूताचा प्रसंग आहे. देवदूत आल्यावर मेरी दचकून निघू पाहते आणि त्याच वेळी मान वळवून ऐकते, तो क्षण दगडात कसा पकडला असेल, याचे कोडे मला नऊ वर्षांत उलगडलेले नाही.

भिंग यांचे उत्तर

आपल्या बाबांची मागणी वाचून राहवले नाही. मीही भौतिकशास्त्रच शिकवले. त्यांना त्या पाच मिनिटांत काय पाहायचे हे आधी माहीत असेल तर ती मिनिटे वाया जाणार नाहीत, म्हणून लिहितो.

गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२ रोजी शहराबाहेरच्या आर्चेत्री येथील घरात वारला. १६३३ च्या खटल्यानंतर तो तिथे नजरकैदेत होता आणि शेवटची वर्षे त्याला दिसतही नव्हते. टस्कनीच्या ग्रँड ड्यूकची, म्हणजे या प्रांताच्या शासकाची, इच्छा त्याला चर्चच्या मुख्य भागात, भव्य स्मारकासह पुरण्याची होती. पोप आठवा अर्बन याने त्याला हरकत घेतली, कारण धर्मद्रोहाच्या संशयावरून शिक्षा झालेल्याचा असा गौरव त्याला नको होता. म्हणून शव घंटामनोऱ्याजवळच्या एका लहान खोलीत, जवळजवळ अडगळीत, ठेवले गेले.

तिथे ते ९५ वर्षे राहिले. त्याचा शेवटचा शिष्य विविआनी जन्मभर स्मारकासाठी झटला, पण परवानगी काही मिळाली नाही. १७०३ मध्ये तो गेला तेव्हा या कामासाठी त्याने मृत्युपत्रात तरतूद करून ठेवली होती. अखेर १२ मार्च १७३७ रोजी अवशेष समारंभाने आजच्या जागी हलवण्यात आले. त्या वेळी जमलेल्या चाहत्यांनी तीन बोटे, एक दात आणि एक मणका काढून घेतला. ज्या माणसाने श्रद्धेपेक्षा निरीक्षणाला वर ठेवले, त्याच्या बोटांची संतांच्या अवशेषांसारखी जपणूक व्हावी, हे मला आजही पचत नाही. ती बोटे आर्नो नदीच्या काठावरील गॅलिलिओ संग्रहालयात काचेच्या भांड्यांत ठेवलेली आहेत. दोन बोटे आणि दात दीर्घकाळ बेपत्ता होते, ते २००९ मध्ये सापडले.

आता स्मारकासमोर उभे राहिल्यावर वर पाहावे. अर्धपुतळ्याच्या एका हातात दुर्बीण आहे, दुसरा हात पृथ्वीच्या गोलावर आहे आणि दृष्टी आकाशाकडे आहे. दोन बाजूंना खगोलशास्त्र आणि भूमिती यांच्या मूर्ती आहेत. बाबांना हे आवर्जून सांगा की त्याच थडग्यात विविआनीही आहे, म्हणजे गुरूच्या शेजारी शिष्य. अवशेष हलवताना तिथे आणखी एका स्त्रीचेही अवशेष मिळाले. ते त्याच्या लाडक्या थोरल्या मुलीचे, मठात साध्वी झालेल्या मारिया चेलेस्तेचे असावेत, असा समज आहे. ती १६३४ मध्ये, वडिलांच्या आधी गेली. तिचे नाव स्मारकावर कुठेही दिसत नाही.

जाता जाता एक विचारून घ्या. त्या पहिल्या लहान खोलीकडे जाणारा बोळ उजव्या अंगाला, नवदीक्षितांच्या प्रार्थनागृहाच्या बाजूला आहे. तो त्या दिवशी खुला असेल तर बाबांना आधी तिथे न्या आणि मग मोठ्या स्मारकाकडे आणा. या क्रमाने पाहिले की ९५ वर्षे म्हणजे काय ते आपोआप कळते.

स्पष्टवक्ता यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे भक्तिभावाने लिहिलेली आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. सांता क्रोचेतील प्रसिद्ध ‘समाध्या’ पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. महाकवी दान्तेचे भव्य स्मारक रिकामे आहे. त्याला फ्लॉरेन्सने १३०२ मध्ये हद्दपार केले, तो १३२१ मध्ये राव्हेन्ना या शहरात वारला आणि राव्हेन्नाने त्याची हाडे आजतागायत परत दिलेली नाहीत. दुसरे म्हणजे राजकीय विचारवंत मॅकियाव्हेलीचे स्मारक १७८७ चे आहे, म्हणजे तो गेल्यानंतर २६० वर्षांनी उभारलेले. याच शहराने त्याला नोकरीवरून काढले, तुरुंगात घातले, दोरीला टांगून छळले. ‘एवढ्या मोठ्या नावाला साजेशी स्तुती नाही,’ असे लॅटिनमध्ये त्याच्या थडग्यावर कोरून ठेवले आहे. जिवंतपणी दोन बरे शब्द बोलायला काय हरकत होती? रोस्सिनी पॅरिसमध्ये वारला, तिथल्या पेर लाशेझ दफनभूमीत १९ वर्षे होता आणि १८८७ मध्ये त्याला उकरून इथे आणले. कवी उगो फोस्कोलोलाही असेच १८७१ मध्ये लंडनहून आणले. नवे इटालियन राष्ट्र उभे राहत होते, त्याला मोठी माणसे एका छताखाली हवी होती, इतकाच त्याचा अर्थ आहे. अडीच तासच असतील तर ते टेकडीवरच्या सान मिनिआतो या चर्चमध्ये घालवा. गर्दी कमी आणि ढोंगही कमी.

आर्नोकाठ यांचे उत्तर

स्पष्टवक्ता यांची माहिती बरोबर आहे. निष्कर्ष मात्र मी नेमका उलटा काढीन. दान्तेचे रिकामे स्मारक मला त्या रांगेतले सर्वांत प्रामाणिक वाटते. १८२९ मध्ये स्तेफानो रिच्चीने ते पूर्ण केले. त्यात एक स्त्री शवपेटीवर डोके टेकून रडते आहे, आणि पेटीत कोणी नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. हद्दपार केलेल्या मुलासाठी घरात रोज ताट वाढून ठेवावे, तसा हा प्रकार आहे. ढोंग म्हणायचे तर म्हणा. सान मिनिआतो मलाही फार प्रिय आहे, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो चढ सुचवणे हे काही मैत्रीचे लक्षण नाही.

मघाशी जॉत्तोविषयी लिहायचे राहिले. वेदीच्या लगत उजवीकडे आधी बार्दी आणि मग पेरुत्सी या सावकार घराण्यांची दालने आहेत. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला या दोन पेढ्या युरोपातल्या बड्या पेढ्यांपैकी होत्या. १३४० च्या दशकात दोन्ही बुडाल्या, भिंती तेवढ्या राहिल्या. बार्दी दालनात संत फ्रान्सिसचे चरित्र आहे. ते बहुतांशी ओल्या गिलाव्यावर रंगवलेले आहे, आणि चुना वाळताना रंगाला आपल्यात बांधून घेतो, म्हणून त्यातले रंग टिकले. पेरुत्सी दालनात जॉत्तोने वाळलेल्या गिलाव्यावर काम केले आणि तिथले रंग आता धुक्यातून पाहावे तसे दिसतात. दोन दालने लागोपाठ पाहिली की हा फरक कोणी समजावून न सांगताही कळतो.

बार्दी दालनातल्या डाव्या भिंतीवर संत फ्रान्सिसचा मृत्यू पाहा. साधू शवाभोवती वाकले आहेत, कोणी हात धरला आहे, कोणी पाय. त्या चित्राच्या मधोमध, एखाद्या स्मारकाच्या आकाराचा, कोरा तुकडा दिसेल. अठराव्या शतकात ही चित्रे जुनाट वाटू लागली म्हणून त्यांवर चुन्याची सफेदी मारली गेली आणि त्या पांढऱ्या भिंतीत नवी थडगी बसवली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सफेदी खरवडल्यावर चित्रे पुन्हा उजेडात आली, तेव्हा थडग्यांनी खाल्लेला भाग कायमचा गेला होता. त्या वेळच्या दुरुस्ती करणाऱ्यांनी तो भाग आपल्या मनाने रंगवून भरून काढला होता. १९५८ नंतरच्या कामात ते उपरे रंगकाम काढून टाकले आणि भोके आहेत तशी ठेवली. या चर्चमध्ये थडगी आणि चित्रे यांचे पूर्वीपासून भांडण आहे, आणि त्याचा पुरावा या एका भिंतीवर आहे.

वृंदावन यांचे उत्तर

मी दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन गेले होते आणि नेमका हाच प्रश्न आमच्यापुढे होता, म्हणून फक्त आईंच्या अडचणीविषयी लिहिते.

फरशीत पावणेतीनशेच्या आसपास स्मृतिशिला आहेत हे खरे आहे. काहींवर शूर सरदाराची किंवा विद्वानाची झोपलेली आकृती उठावात कोरलेली आहे, आणि सहासातशे वर्षे पावले पडून पडून नाक, ओठ, बोटे सगळे झिजून गेले आहे. एका शिलेवर चेहऱ्याच्या जागी नुसता गुळगुळीत फुगवटा उरला होता, पण उशीचे गोंडे जसेच्या तसे शाबूत होते. ज्या शिला जास्त नाजूक आहेत त्यांच्याभोवती दोऱ्या बांधून ठेवलेल्या असतात, तिथे कोणीच पाय देत नाही. बाकीच्या शिलांच्या मधून साध्या फरशीच्या पट्ट्या जातात, त्यांवरून सावकाश चालता येते. सकाळी उघडल्या उघडल्या गेल्यास गर्दी नसते, आणि पाय कुठे टाकायचा ते नीट पाहता येते.

सासूबाईंना मी जे सांगितले तेच आपणही आईंना सांगून पाहा. त्या काळच्या लोकांनी जमिनीतली जागा मुद्दाम, पैसे मोजून मागून घेतली होती. प्रार्थना चालते त्या जागेच्या जवळ असावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांखाली असावे, यात त्यांना नम्रता वाटत होती. नामदेवांनी पंढरपुरी महाद्वारात पायरीची जागा मागितली ती संतांचे चरण लागावेत म्हणूनच ना? ते ऐकून सासूबाई म्हणाल्या, ‘मागणारा मागतो, म्हणून आपण काय पाय द्यायचा का? नामदेवाच्या पायरीवर कोण पाय देतो?’ त्यांचे म्हणणे बिनतोड होते. पण त्या आत आल्या, आणि प्रत्येक शिला ओलांडून चालल्या.

पूररेषा यांचे उत्तर

सर्वांनी एक गोष्ट वगळली आहे, ती मी जोडतो, कारण माझे कामच जुन्या लाकडाशी आणि रंगाशी संबंधित आहे. चर्चच्या साक्रिस्तीमध्ये, म्हणजे धर्मगुरूंच्या पोशाख व उपकरणांच्या दालनात, खूप उंचावर चिमाबुए याने रंगवलेला साडेचार मीटरच्या आसपास उंचीचा लाकडी क्रूस टांगलेला आहे. त्याच्या खाली उभे राहून येशूच्या चेहऱ्याकडे पाहावे. चेहऱ्याचा आणि धडाचा मोठा भाग नाहीसा झालेला आहे.

४ नोव्हेंबर १९६६ च्या पहाटे आर्नो नदी शहरात शिरली. सांता क्रोचेचा परिसर सखल असल्याने तिथे पाण्याचा जोर सर्वांत जास्त होता, आणि घरे तापविण्यासाठी साठवलेले इंधन तेल त्या पाण्यात मिसळले होते. चिमाबुएच्या क्रूसावरचा सुमारे ६० टक्के रंग त्यात गेला. लाकूड फुगले, रंगाचा थर सुटला. पुढे दहा वर्षे काम चालले. त्यात महत्त्वाचा निर्णय असा घेतला गेला की गेलेला भाग कल्पनेने रंगवायचा नाही. त्या जागा बारीक बारीक रंगीत रेघांच्या जाळीने भरल्या. लांबून ती जाळी शांत राखाडी-सोनेरी दिसते, म्हणून मूळ चित्र पाहताना डोळा अडखळत नाही. जवळून पाहिले की नुकसान किती झाले हे ती लपवत नाही. एवढ्या उंचावर टांगण्याचे कारणही पूरच आहे.

जुन्या भोजनगृहात वासारीचे ‘शेवटचे भोजन’ हे पाच फळ्यांवर रंगवलेले चित्र पाहा. ते त्याच पुरात बारा तासांहून अधिक काळ पाण्याखाली होते. रंगावर कागद चिकटवून ते कोठारात ठेवले गेले, आणि चाळीसहून अधिक वर्षे त्याला हात लावण्याचे धाडस कोणी केले नाही, कारण कागद काढताना रंगही निघून येईल अशी भीती होती. २०१६ मध्ये, पुराला ५० वर्षे झाली तेव्हा, ते परत आपल्या जागी आले. आता पाणी आले तर ते यंत्राने वर उचलून घेण्याची सोय केलेली आहे. वासारी मोठा चित्रकार होता असे मी म्हणणार नाही. पण फळ्यांचे सांधे पाहण्यासाठी मी त्या चित्रापुढे जॉत्तोपेक्षा जास्त वेळ उभा होतो, हे कबूल करतो.

रंकाळा यांचे उत्तर

फ्लॉरेन्सला जाणाऱ्या मराठी माणसाला मी एक सांगतोच. सांता क्रोचेत एवढ्या समाध्या पाहिल्यावर दुपारी वेळ काढून शहराच्या पश्चिमेच्या कास्चीने उद्यानाच्या अगदी टोकाला जा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये विलायतेहून परतताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, तिथेच वारले. ज्या शहराला पुरण्याचीच रीत माहीत होती, तिथे आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन करण्यास खास परवानगी मिळाली. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा रचला. आत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे. जवळच्या मोठ्या पुलालाही तिथले लोक ‘भारतीयाचा पूल’ अशा अर्थाच्या नावानेच ओळखतात.

उद्यान साडेतीन किलोमीटरांच्या आसपास लांब आहे, तेव्हा आईंना चालवत नेऊ नका, टॅक्सी करा.

शाडूमाती यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. परत येऊन तीन आठवडे झाले, लिहायला उशीर झाला याबद्दल क्षमस्व.

आम्ही मंगळवारी, उघडण्याच्या वेळेला गेलो. बोळ खुला होता. आधी ती लहान खोली पाहिली आणि मग मोठे स्मारक. बाबा पाच मिनिटे म्हणाले होते, ते पाऊण तास तिथून हलले नाहीत. मी तेवढ्यात जॉत्तो पाहून परतलो तेव्हा ते एका अनोळखी शाळकरी मुलांच्या घोळक्यामागे उभे राहून त्यांच्या शिक्षिकेचे इटालियन बोलणे मान डोलावत ऐकत होते. त्यातले एक अक्षरही त्यांना कळत नव्हते. ‘हात बघ तिचे,’ ते मला म्हणाले. ती शिक्षिका उजव्या हाताचा तळवा तिरका धरून डाव्या हाताचे बोट त्यावरून घसरवत होती. बाहेर पडताना त्यांनी एवढेच विचारले की विविआनीचे नाव इतके लहान का, आणि मुलीचे का नाही.

पेरुत्सी दालनापुढे मला काहीच दिसेना. मग डोळे सरावल्यावर बायबलमधल्या नाचणाऱ्या सलोमेजवळ तंतुवाद्य वाजवणारा एक माणूस धुक्यातून पुढे आला आणि मी तिथेच थांबलो. वासारीचे सांधे मला कळले नाहीत, पण पाहिले. स्पष्टवक्ता यांना सांगायचे म्हणजे मॅकियाव्हेलीपुढे मला त्यांची आठवण झाली आणि हसू आले.

आई आत आली. वृंदावन ताईंच्या सासूबाईंचे बोलणे मी तिला वाचून दाखवले होते, ते तिला फार पटले. साध्या फरशीची पट्टी धरून, माझा हात पकडून, ती शिला चुकवत चुकवत ब्रूनीपर्यंत गेली. तिथे बराच वेळ पाहून म्हणाली, ‘पुस्तक घेऊनच झोपलाय, तुझ्या बाबांसारखा.’ पुढे ती अंगणातल्या ओट्यावर बसली आणि आम्ही बोलवायला जाईपर्यंत तिथून उठली नाही. हॉटेलवर आल्यावर मात्र तिने आधी अंघोळ केली. त्यावर मी काही बोललो नाही.

रंकाळा यांच्या सांगण्यावरून संध्याकाळी टॅक्सीने कास्चीनेच्या टोकाला गेलो. पाऊस नुकता थांबला होता, संगमाचे पाणी गढूळ होते, आणि भोवती सायकलवाले व कुत्री फिरवणारे लोक यांच्याशिवाय कोणी नव्हते. छत्रीभोवती कठडा आहे, त्यामुळे आत जाता येत नाही. आईने कठड्याबाहेर, ओल्या गवतावर चपला काढल्या.